जुगाराचे सोंग आणि सोंगाचा जुगार

वाङ्मयीन मासिकाच्या पानांवर टीव्हीला जोडून खेळावयाच्या एका जपानी खेळाची चर्चा पाहून काही वाचकांच्या कपाळास आठी पडणे स्वाभाविक आहे. टीका करावयाची ती काव्याची, नाटकाची, कादंबरीची. मुलांच्या हातातील यंत्राची ती काय करावयाची, असा प्रश्न ते विचारतील. आमचे उत्तर असे की, ज्या गोष्टीत मनुष्य आपली फुरसत आपखुषीने खर्च करतो, जिच्यात अनुकरण आहे, रचना आहे, आणि जिच्यापासून मनास एका विशिष्ट प्रकारचा आनंद होतो, ती गोष्ट टीकेच्या कक्षेत येतेच. त्यातून प्रस्तुत खेळ हा एका जुगाराचे घरगुती अनुकरण आहे; आणि जुगाराचे अनुकरण हा विषय संस्कृत नाटकाइतका जुना आहे. अनुकरणात मूळ वस्तूचे काय उरते, काय गळते, आणि जे उरते ते इष्ट की अनिष्ट, हा प्रश्न जसा रसचर्चेचा तसाच संसाराचाही आहे. म्हणून घरोघर वाचल्या जाणाऱ्या मासिकात त्याचा विचार व्हावा हे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

आम्ही ज्या वाशीम जिल्ह्यात राहतो तेथे जुगार ही काही परदेशातून आलेली वस्तू नव्हे. पोळ्याच्या सुमारास बैलांच्या पाठीवरची झूल उतरते न उतरते तोच विदर्भातील कित्येक गावी पत्त्यांचे डाव मांडले जातात, आणि मागोमाग पोलिसांच्या धाडींच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. ‘झन्नामन्ना’ आणि ‘वरली मटका’ हे शब्द येथे कोणास समजावून सांगावे लागत नाहीत. दिवाळीतील बलिप्रतिपदेस तर आपल्या पूर्वजांनीच द्यूतप्रतिपदा असे दुसरे नाव देऊन ठेविले आहे. दुसऱ्या बाजूने पाहता, हेच वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. येथील राजा सर्वसेन ह्याने प्राकृतात ‘हरिविजय’ काव्य रचिले, आणि राजशेखराने ‘कर्पूरमंजरी’त जी ‘वच्छोमी’ रीती उल्लेखिली ती ह्याच नगराच्या नावावरून आली. ज्या भूमीने एके काळी साहित्यास एक रीती दिली, तेथील वाचकांनी नव्या करमणुकीची पारख करण्यास संकोच का धरावा?

आता पाचिंको म्हणजे काय हे प्रथम सांगणे अवश्य आहे. आपल्याकडील पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत मुलांकरिता एक लाकडी फळी असे. तिच्यावर खिळे ठोकून अर्धवर्तुळे केलेली, त्यांत आकडे लिहिलेले. बाजूच्या खोबणीतून ढकललेली गोळी वर जाई आणि खिळ्याखिळ्याशी ठेचकाळत खाली येऊन एखाद्या घरात विसावा घेई. ‘बॅगाटेल’ ह्या नावाने हा खेळ वडीलधाऱ्या वाचकांच्या स्मरणात असेल. मूळचा हा युरोपातील खेळ १९२० नंतरच्या दशकात ‘कोरिंथ गेम’ ह्या नावाने जपानात, मुलांच्या खाऊच्या दुकानांत पोहोचला. तेथे ती आडवी फळी उभी झाली, तिच्यावर काच बसली, आणि गोळी खिळ्यांवर आपटून जो आवाज होतो त्या आवाजावरूनच खेळास नाव मिळाले. नागोया शहर हे त्याचे माहेर. महायुद्धाच्या काळात तो बंद पडला, आणि युद्धानंतर उद्ध्वस्त झालेल्या देशात पुन्हा असा फोफावला की, सिगारेट व खाऊ मिळविण्याचे ते एक साधन होऊन बसले. १९४८ च्या सुमारास मासामुरा ताकेइची ह्या नागोयाच्या गृहस्थांनी खिळ्यांची जी नवी मांडणी केली, तिच्यामुळे गोळीच्या वाटेस अनेक वळणे मिळाली व खेळात रंगत आली. पोलादी गोळी ११ मिलिमीटर व्यासाची. पार्लरमध्ये, म्हणजे ह्या खेळाच्या दुकानात, ती भाड्याने घ्यावयाची. योग्य भोकात गेली तर आणखी गोळ्या मिळतात, न गेली तर ती यंत्राच्या पोटात नाहीशी होते. १९८० साली सांक्यो कंपनीने ‘फीव्हर’ हे यंत्र काढिले. तेव्हापासून मधल्या भोकात गोळी शिरताच आत एक सोडत निघते, आणि फिरते आकडे जुळले तर गोळ्यांचा पाऊस पडतो.

येथे एक मौजेची गोष्ट ध्यानात ठेवावी. जपानच्या दंडविधानात जुगार हा गुन्हा आहे. म्हणून पार्लरमध्ये जिंकलेल्या गोळ्यांचे पैसे मिळत नाहीत, वस्तू मिळतात. त्या वस्तूंत प्लास्टिकच्या वेष्टनात बसविलेला सोन्याचा लहानसा तुकडाही असतो. तो घेऊन खेळणारा बाहेर पडतो, जवळच्याच एका खिडकीवर देतो, आणि रोख पैसे मोजून घेतो. खिडकीवाला तो तुकडा एका घाऊक व्यापाऱ्यास विकतो, आणि व्यापारी तो पुन्हा पार्लरला विकतो. तीन दुकाने, तिन्ही कागदोपत्री निराळी. कायदा शाबूत आणि धंदाही शाबूत. तात्पर्य, पार्लर म्हणजे खेळाचे सोंग घेतलेला जुगार होय. यासुजिरो ओझू ह्यांच्या १९५२ च्या ‘ओचाझुके नो आजी’ ह्या चित्रपटात एका पार्लरचा मालकच, ह्या खेळाचे हे वेड काही चांगले लक्षण नव्हे, असे आपल्या जुन्या युद्धसोबत्यास सांगतो. विकणाऱ्यानेच आपल्या मालाविषयी असे बोलावे, ह्यात त्या सोंगाची सारी अस्वस्थता आली.

पार्लर जर खेळाचे सोंग घेतलेला जुगार, तर त्याची घरगुती नक्कल ही नेमकी उलट वस्तू, म्हणजे जुगाराचे सोंग घेतलेला खेळ. निन्टेन्डो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ हे टीव्हीला जोडावयाचे यंत्र १९८३ साली जपानात निघाले. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात ‘टीव्ही गेम’ म्हणून जी यंत्रे आणि ज्या कॅसेटी घरोघर आल्या, त्यांपैकी पुष्कळ यंत्रे ह्याच फॅमिकॉमच्या नकला होत. त्या फॅमिकॉमवर १९८५ साली तोशिबा-ईएमआय कंपनीने ‘पाचिकॉम’ नावाची कॅसेट काढिली. पडद्यावर खिळ्यांची फळी, एक बटण, आणि पडणारी गोळी. ह्यापलीकडे तीत फारसे काही नाही. गोळी भाड्याची नाही, सोन्याचा तुकडा नाही, बाहेरची खिडकी नाही. हरले तर काही जात नाही, जिंकले तर काही येत नाही. मग मनुष्य हे खेळतो तरी कशास?

ह्या प्रश्नास आपल्या साहित्यशास्त्रात एक जुने उत्तर आहे. नटाच्या ठिकाणी राम पाहणाऱ्या प्रेक्षकाचे ज्ञान कोणत्या जातीचे असते, ह्याचा विचार करिताना श्रीशंकुकाने चित्रतुरगाचा दाखला दिला. चित्रातील घोडा पाहून आपण ‘हा घोडाच’ असे समजत नाही, ‘हा घोडा नव्हे’ असेही म्हणत नाही. संशयात पडत नाही, आणि ‘हे घोड्यासारखे काही आहे’ असे म्हणूनही थांबत नाही. त्या चारी ज्ञानांहून निराळ्या अशा एका ज्ञानाने आपण तो घोडा पाहतो. अभिनवगुप्तास हा अनुकरणवाद पटला नाही, आणि रसाच्या बाबतीत तो अपुरा आहे हे आम्हांसही मान्य आहे. परंतु पडद्यावरील गोळीस तो तंतोतंत लागू पडतो. ती गोळी खरी नव्हे हे खेळणाऱ्यास पक्के ठाऊक असते. तरी ती भोकाच्या काठावर घुटमळू लागली की त्याचा श्वास अडतोच. नरसिंह चिंतामण केळकरांनी वाङ्मयानंदाची उपपत्ती सांगताना ‘सविकल्प समाधि’ हा जो शब्द योजिला, त्याचाही येथे प्रत्यय येतो. आपले आपणपण न सोडता परक्या भूमिकेत शिरावयाचे, हे त्या समाधीचे मर्म. घरी बसून पाचिंको खेळणारा कारकून त्या अर्ध्या तासापुरता जुगारी होतो, आणि तरीही कारकूनच राहतो. पगार खिशात राहून छातीची धडधड तेवढी अनुभवास येते.

इथपर्यंत सर्व ठीक दिसते. परंतु साहित्यच आपणांस दुसरीही एक गोष्ट सांगते. ‘मृच्छकटिका’च्या दुसऱ्या अंकात हरलेला संवाहक धनको माथुराच्या भीतीने पळून एका ओसाड देवळात शिरतो आणि मूर्तीचे सोंग घेऊन उभा राहतो. माथुर आणि त्याचा जोडीदार त्याच देवळात येऊन फासे टाकू लागतात. संवाहकाने मूर्ती होऊन निश्चल राहावे ह्यातच त्याचा बचाव. परंतु फाशांचा आवाज कानी पडताच त्याच्याने राहवत नाही, आणि तो डावात उडी घेतो. शूद्रकाने हा प्रवेश विनोदासाठी घातला असला तरी जुगाराविषयी इतके खोल निरीक्षण फार थोड्या ग्रंथांत सापडेल. संवाहकास त्या क्षणी पैशाचा लोभ नव्हता. पैसा तर त्याच्याजवळ उरलाच नव्हता. त्यास ओढून नेले ते फाशांच्या आवाजाने. आणि पाचिंकोचे तर नावच आवाजावरून पडलेले आहे! घरगुती नक्कल पैसा वगळते, पण आवाज ठेविते. तेव्हा ती ओढ शमविते की जागी ठेविते, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर सर्व नकलांस एकच देता येणार नाही. म्हणून त्यांच्यातील जाती निवडून पाहू.

पहिली जात ‘पाचिकॉम’ची. ही फळीची नक्कल आहे, धंद्याची नव्हे. रोलाँ बार्त ह्या फ्रेंच टीकाकाराने जपानवरील आपल्या १९७० च्या पुस्तकात पाचिंकोचे वर्णन करिताना म्हटले आहे की, येथे सारे कौशल्य गोळी सोडण्याच्या त्या एका झटक्यात असते. एकदा सुटल्यावर तिची वाट सुधारता येत नाही, आणि म्हणून हा खेळ कुंचल्याच्या एकाच फटकाऱ्यात रेषा ओढणाऱ्या चित्रकाराच्या कामासारखा आहे. हे निरीक्षण मार्मिक आहे. परंतु त्याच दशकात पार्लरमधील अंगठ्याचा खटका जाऊन विजेवर चालणारी मूठ आली; मूठ धरून बसले की गोळ्या आपोआप, मिनिटास शंभरापर्यंत, सुटत राहतात. एकेका गोळीकडे पाहण्याचा जो आनंद बार्त ह्यांनी वर्णिला तो पार्लरमधून जवळजवळ हद्दपार झाला. घरच्या साध्या नकलेत मात्र, गोळी फुकट असल्यामुळे आणि घाई करण्याचे कारण नसल्यामुळे, तो काही अंशी परत मिळतो. खिळे दिसतात, गोळी दिसते, दोहोंचा संबंध दिसतो. ही बॅगाटेलच्या फळीकडे परतलेली वस्तू आहे. आमच्या मते ती निर्दोष आहे, आणि थोडीशी कंटाळवाणीही आहे. निर्दोष वस्तूंच्या नशिबी हे बहुधा येतेच.

दुसरी जात कथेची. कोकोनट्स जपान ह्या कंपनीने १९८७ साली ‘पाचिओ-कुन’ ह्या नावाची कॅसेट काढिली, आणि तिची मालिका पुढे १९९० नंतरच्या दशकातही अनेक यंत्रांवर चालू राहिली. हिचा नायक कोण म्हणाल, तर स्वतः पाचिंकोची गोळी! तिला हात, पाय, तोंड आहे. ती पार्लरमध्ये हिंडते, यंत्रांच्या रांगांतून एक पसंत करते आणि खेळावयास बसते. ही कल्पना आम्हांस मोठी चतुर वाटते. खऱ्या पार्लरमध्ये गोळी म्हणजे निव्वळ चलन. ती ज्याच्या खिशातून जाते त्याचे दुःख तिला नाही. येथे त्या चलनासच नायकत्व दिले आहे. पुढे आयरेम कंपनीने ‘सान्यो पाचिंको पॅरडाइस’ ही जी मालिका प्लेस्टेशनवर आणिली, तिच्यात तर पाचिंकोवर पोट भरू पाहणाऱ्या तरुणाची लांबलचक विनोदी कथाच गुंफलेली आहे. अशा कृतींत पैशाचा डाव जाऊन त्याच्या जागी दुसरा डाव येतो. तो म्हणजे ‘पुढे काय होणार’ ही उत्कंठा, एक पात्र, त्याची फजिती. मूळ वस्तूतून जे काढून घेतले त्याची भरपाई करण्याचा हा प्रयत्न आहे. आणि भरपाई करू पाहणारे अनुकरण हेच आमच्या मते कलेच्या वाटेस लागलेले असते.

परंतु येथेही एक उणीव दाखविणे प्राप्त आहे. ह्या कथांत हरण्याचे दुःख नाही. व्यासांनी सभापर्वात द्यूत रंगविले ते फासे कसे पडतात हे दाखविण्याकरिता नव्हे. एकेक पण लागत जाऊन शेवटी द्रौपदी पणास लागते तेव्हा सभेतील वृद्ध काय करितात, हे दाखविण्याकरिता. आमच्या विदर्भाशी निगडित अशा ‘लीळाचरित्रा’तही एक प्रसंग आहे. श्रीचक्रधर हरिपाळदेव म्हणून गृहस्थाश्रमात असताना द्यूत हरले. देणे फेडण्यास पत्नी कमळाइसेचे दागिने मागितले, आणि तिने ते दिले नाहीत. त्या एका नकाराने त्यांचे मन संसारातून उठले आणि ते रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने घराबाहेर पडले. मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या ह्या ग्रंथात जुगाऱ्याच्या घरातील तो क्षण आहे, आणि त्या क्षणी फासे कोठेच दिसत नाहीत. दिसतात ती दोन माणसे. जुगाराचे साहित्य आणि जुगाराची नक्कल ह्यांतील अंतर येथे कळते. पाचिओ-कुनच्या घरी कमळाइसा नाही. तो हरला तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. हे खेळाचे स्वातंत्र्य आहे खरे. पण त्यामुळे त्याचा विनोद उथळ पाण्यातच खेळतो, असे म्हणणे भाग आहे.

तिसरी जात अस्सलपणाचा दावा सांगणारी. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास ‘सुपर फॅमिकॉम’वर ‘होंके सांक्यो फीव्हर – जिक्की सिम्युलेशन’ आणि तत्सम कॅसेटी निघाल्या. ‘जिक्की’ म्हणजे खरे यंत्र. पार्लरमध्ये उभ्या असलेल्या अमुक कंपनीच्या अमुक यंत्राची हुबेहूब प्रतिकृती, तेच आकडे, तीच चित्रे, तीच गाणी, सोडतीचे तेच प्रमाण, हे ह्यांचे आकर्षण. सामान्य मत असे की, नक्कल जितकी हुबेहूब तितकी ती श्रेष्ठ. आम्ही नेमके उलट म्हणतो. ही कॅसेट घेणारा ती तिच्यासाठी घेत नाही. उद्या पार्लरमध्ये त्याच यंत्रापुढे बसावयाचे आहे म्हणून घेतो. कोणता आवाज झाला म्हणजे मोठा डाव लागण्याचा संभव, किती वेळ धीर धरावा, हे तो घरी घोकतो. म्हणजे ही तालीम झाली, नाटक नव्हे. चित्रातील घोड्याकडे घोडा विकत घेण्याच्या दृष्टीने पाहू लागले की ते चित्र राहत नाही, बाजारातील जाहिरात होते. आणि तालमीचा उपयोग तरी काय? सोडत ही गोळी भोकात शिरताच आतल्या आत ठरून जाते. पडद्यावरील आकड्यांची धावपळ हा मागाहून दाखविलेला तमाशा असतो. जी गोष्ट शिकून येत नाही तिचा अभ्यास करविणे हा ह्या जातीचा दोष होय.

तथापि ह्या जातीच्या पदरी एक पुण्य आहे, ते नाकारणे अन्यायाचे होईल. पार्लरमधील यंत्रे थोड्या वर्षांत बदलली जातात. जुनी मोडीत निघतात. पार्लरेही घटत आहेत. १९९५ च्या सुमारास जपानात सुमारे १८,००० असलेली त्यांची संख्या आता ७,००० च्याही खाली उतरली आहे. अशा स्थितीत तीस वर्षांपूर्वीचे एखादे यंत्र कसे दिसत होते, कसे वाजत होते, हे पाहावयाचे झाल्यास ह्या जुन्या कॅसेटीच पुष्कळदा हाताशी येतात. ज्या काळी त्या विकल्या जात होत्या त्या काळी त्या पार्लरच्या दासी होत्या. मालकिणीची जुनी यंत्रे मोडीत निघाल्यावर त्यांच्याच अंगी बखरीचे मोल आले. आज जुन्या खेळांचे शौकीन त्या जपतात ते पार्लरमध्ये जाण्याकरिता नव्हे, तर गेलेल्या काळाची एक खूण म्हणून. त्यांच्या ह्या छंदास आम्ही नावे ठेवणार नाही. मात्र ते मोल काळाने दिलेले आहे, कर्त्याने नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

कोणी म्हणेल, हा सर्व जपानचा संसार झाला. वाशीमच्या वाचकास त्याचे काय? त्याचे काय ते आता सांगतो. आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबे जुगाराकडे सोवळ्याच्या दृष्टीने पाहतात. परंतु जुगाराने बुद्धीचे वस्त्र पांघरले की तो आपल्या ओसरीवर सुखाने बसतो, हा अनुभव जुनाच आहे. प्रवेश-फी भरून शब्दकोडी सोडवावी आणि हजारोंचे बक्षीस मिळवावे, ह्या नादी एके काळी पांढरपेशी घरे लागली होती. शेवटी १९५५ साली बक्षिसांच्या स्पर्धांविषयी कायदा करावा लागला, आणि १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा घटनेने रक्षिलेला व्यापारच नव्हे असा निर्णय दिला. १९६७ साली त्याच न्यायालयाने रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरविला. पुढे हातोहाती मोबाइल आले, आणि त्या एका निर्णयाच्या छत्रीखाली पैसे लावून रमी खेळविणारी दुकाने प्रत्येकाच्या खिशात उघडली. पार्लरने खेळाचे सोंग घेतले होते. ह्यांनी कौशल्याचे घेतले. २०२५ च्या ऑगस्टात संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा संमत केला त्याने हे सोंग उतरविले. खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, पैसे लावून तो ऑनलाइन खेळविणे निषिद्ध, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पैशाचा डाव नसलेल्या सामाजिक खेळांस मात्र त्याने मोकळीक ठेविली आहे.

हा कायदा योग्य दिशेचा आहे असे आम्हांस वाटते. पण कायदा फक्त डाव पाहतो, आवाज पाहू शकत नाही. मोबाइलवरील ‘फुकट’ तीन पत्ती पाहा. जिंकलेल्या चकत्यांचे पैसे होत नाहीत हे खरे. परंतु चकत्या संपल्या की पैसे देऊन नव्या घेता येतात. म्हणजे पैसा आत जावयाचा दरवाजा उघडा, बाहेर यावयाचा बंद! पार्लरबाहेर निदान एक खिडकी तरी होती. आणि येथेच जुन्या जपानी कॅसेटीचे मोठेपण ध्यानात येते. तिची किंमत एकदा मोजली की पुन्हा ती काही मागत नव्हती. तिच्यातील खिळे एकदा बसविले ते कायमचे. पार्लरमध्ये दुकान बंद झाल्यावर खिळे किंचित वाकविणारा कारागीर असतो. हातोडीच्या एका हलक्या ठोक्याने तो उद्याच्या गिऱ्हाइकाचे दैव बदलतो, परंतु निरखून पाहणाऱ्यास त्याचे काम काचेतून दिसते तरी. कॅसेटीत तो कारागीरच नाही. मोबाइलच्या खेळात मात्र तो अष्टौप्रहर जागा राहू शकतो, खेळ चालू असतानाही खिळा हलवू शकतो, आणि त्याची फळी कोणासच दिसत नाही.

ह्या तुलनेवरून घरगुती नकलेच्या परीक्षेस तीन प्रश्न पुरे आहेत असे आम्ही सुचवितो. खिळे दिसतात काय? किंमत एकदाच मोजावयाची आहे काय? आणि काढून घेतलेल्या पैशाच्या जागी काही दुसरे, एखादी कथा, विनोद किंवा नुसते पाहण्याचे समाधान, ठेविले आहे काय? तिन्हींस होकार येईल ती नक्कल घरात खुशाल असावी. ती बॅगाटेलची नात आहे. पहिल्या दोहोंस नकार येईल ती कितीही फुकट म्हणून मिळो, तिला कायद्याची मोकळीक असो वा नसो, ती पार्लरचीच शाखा समजावी. मुलाच्या हातात यंत्र पाहून ‘हा जुगार’ म्हणून ओरडणारा बाप आणि ‘हा नुसता खेळ’ म्हणून दुर्लक्ष करणारा बाप, दोघेही पारख करीत नाहीत. पारख करावयाची तर मुलाशेजारी बसून ती फळी पाहावी लागते.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात फाशांनी नागविलेल्या जुगाऱ्यास शेवटी फासे टाकून शेत करण्याचा उपदेश आहे. आमच्या ह्या जिल्ह्यात, जेथे सोयाबीन आणि कपाशी बहुतांशी पावसाच्या भरवशावर पेरली जाते, तेथे हा उपदेश वाचताना मन थबकते. कारण येथे शेत करणे हेच दरसाल मोठा पण लावण्यासारखे आहे. ज्याच्या आयुष्यात न मागता इतका डाव आलेला आहे, त्यास संध्याकाळी घटकाभर असा खेळ मिळावा की ज्यात हरले तरी काही जात नाही, ही इच्छा मुळीच निंद्य नव्हे. किंबहुना करमणुकीचे तेच पहिले कर्तव्य होय. जुन्या पाचिंको-कॅसेटींनी ते कर्तव्य साध्या रीतीने, क्वचित रसिकतेनेही बजाविले. त्यांच्या मागून आलेल्या खेळांनी त्यांचा आवाज तेवढा उचलला आणि फळी झाकून ठेविली. देवळातल्या संवाहकास आवाज ऐकू आला तरी फासे कोणाच्या हातात आहेत हे दिसत होते. आपल्या मुलांस निदान तेवढे तरी दिसावे, ही जबाबदारी घरातील वडील मंडळींची आहे.